गुरुपुष्याचं गिऱ्हाईक

चेन्नईत वेलचेरीच्या आमच्या इमारतीत तळमजल्याला कुमुदिनी सबनीस राहायच्या. मी त्यांना काकू म्हणते. त्या मला, पस्तिशी उलटली तरी, 'ए मुली' म्हणतात. मी रुचा. दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून काढायचा पगार घेते. ही खोड घरीदारी कुणालाच आवडत नाही. काकूंना आवडते, कारण त्यांनाही तीच खोड आहे.

काकू मूळच्या सांगलीच्या. बँकेने बढती देऊन मद्रासला पाठवलं तेव्हा 'दोन वर्षं काढू आणि परत जाऊ' असं ठरलं होतं. मग त्यांचे यजमान त्र्यंबकराव रेल्वेच्या हिशेब खात्यातून बदली मागून इकडे आले, मद्रासचं चेन्नई झालं आणि परत जायचं राहूनच गेलं. काकूंचं तमिळ धडाकेबाज आहे. शब्द तमिळ आणि हेल सांगलीचा, त्यामुळे भाजीवाली आधी गोंधळते आणि गोंधळली की भाव उतरवते. मी इथे सहा वर्षं आहे, मला अजून कोथिंबीर फुकट मिळालेली नाही.

निवृत्त झाल्यावर इतर बायका भजनी मंडळ धरतात, काकूंनी शेअर बाजार धरला. सकाळी बाजार उघडायच्या आत त्यांची अंघोळ, पूजा, काकांचं औषधपाणी उरकलेलं असतं. फिल्टर कॉफीचा टंबलर घेऊन त्या लॅपटॉपसमोर अशा बसतात, जणू अजूनही त्यांच्या सहीशिवाय कुणाचा चेक वटायचा नाही. त्यांना बाजारातलं खरोखर कळतं हे मान्य करायला हवं. कंपन्यांचे ताळेबंद त्या चवीने वाचतात आणि एखादा आकडा खटकला तर त्या कंपनीला सरळ 'लबाड मेली' म्हणून बाद करतात. फक्त एक गोष्ट त्यांनी आयुष्यात केली नव्हती. त्यांनी कधी काही विकलं नव्हतं. घ्यायचं आणि ठेवून द्यायचं. आपल्याकडे सोनं असंच घेतात, पितळेची भांडी अशीच घेतात, आणि काकूंनी शेअरही तसेच घेतले.

आता कट्ट्याबद्दल सांगायला हवं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नुंगंबाक्कमला दत्तोपंतांच्या घरी वीस-पंचवीस मराठी माणसं जमतात. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी रेल्वेतून, कुणी आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यातून. पाव मनासारखा मिळत नाही म्हणून गोड बन घालून मिसळ खातात आणि 'आपल्याकडची मिसळ ती मिसळ' असं म्हणत दुसऱ्यांदा वाढून घेतात. दत्तोपंत रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते, त्यामुळे ते 'बसा' म्हणाले की माणसं बसतात. वसंतराव त्या संरक्षण कारखान्यातले, मऊ स्वभावाचे, कुणी काही सांगितलं की 'बरोबर आहे तुमचं' म्हणणारे. आणि काकू कट्ट्याच्या खजिनदार, म्हणजे अर्थमंत्रीच.

चारेक वर्षांपूर्वी काकूंनी कट्ट्यावर येरळा कास्टिंग्ज हे नाव काढलं. सांगलीकडची छोटी कंपनी, पंपांचे ओतीव भाग बनवते. कर्ज नाही, दरवर्षी न चुकता लाभांश, मालक मराठी. एवढं ऐकल्यावर कट्ट्याला आणखी काय हवं? त्यात गुरुपुष्य जवळ आला होता. गुरुवारी पुष्य नक्षत्र आलं की गुंजभर तरी सोनं घ्यायचं, ही आपली रीत. त्या दिवशी कट्ट्यावरच्या बायका टी नगरच्या सराफी दुकानांत जायच्या. काकूंनी सगळ्यांना झापलं. "अहो, घडणावळ देऊन काय सोनं घेता? त्यापेक्षा येरळा घ्या. लक्ष्मी ती लक्ष्मी, वर लाभांश देते."

तेव्हापासून दर गुरुपुष्याला कट्टा येरळा घेऊ लागला. कुणी अकरा शेअर, कुणी एकवीस, सधन असेल तर एकशे एक. शकुनाचा एक प्रत्येकाच्या ऑर्डरीत असायचाच. पुढे गुरुपुष्याची वाट पाहण्याइतका धीरही राहिला नाही. पहिल्या रविवारी मिसळ खायची आणि सोमवारी येरळा घ्यायचा, असं सुरू झालं. आणि भाव काय चढला म्हणता! एकशे सत्तरचा शेअर पाचशे चाळीसवर गेला. पाचशे झाले त्या रविवारी दत्तोपंतांनी पेढे वाटले. कट्ट्यावरचा प्रत्येक जण आपापले शेअर गुणिले पाचशे चाळीस हे गणित रोज झोपण्यापूर्वी एकदा करायचा, हे मला तिघांच्या बायकांनी वेगवेगळं सांगितलं आहे.

काकूंकडे चार हजार शेअर होते. सगळे स्वस्तात घेतलेले. म्हणजे साडेएकवीस लाख, पडद्यावर.

हे पैसे काकूंना कधी लागतील असं वाटलं नव्हतं. पण त्र्यंबककाकांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली, बोलणं एकेका शब्दावर आलं. आणि त्याच वर्षी डिसेंबरात चेन्नईत वादळाचं पाणी भरलं. वेलचेरीत पाणी भरणं ही काही बातमी नव्हे, पण या वेळी ते काकांच्या गादीला लागलं. काका जागे होते, त्यांना दिसत होतं आणि त्यांना उठता येत नव्हतं. इमारतीतल्या मुलांनी त्यांना उचलून पहिल्या मजल्यावर वेंकटरमण यांच्या घरी नेलं. तिथे ते दोघं पाणी ओसरेपर्यंत राहिले. काका नंतर खाली आले, पण आभाळ भरून आलं की ते फरशीकडे बघत राहायचे आणि "पाणी?" असं विचारायचे. चाळीस वर्षं रेल्वेचे हिशेब न घाबरता केलेला माणूस. काकू म्हणायच्या, "पाणी नाही हो." पाचव्या मिनिटाला पुन्हा तोच प्रश्न.

काकूंना बंगला नको होता, समुद्राचा देखावा नको होता. त्यांना एक मजला वर जायचं होतं, एवढंच. आणि तो मजला चालून आला. वेंकटरमण आणि त्यांची बायको कनका मुलीकडे कोइंबतूरला कायमचे जाणार होते आणि घर विकायला काढलं होतं. काकूंचं तळमजल्याचं घर एका दातांच्या डॉक्टरला दवाखान्यासाठी हवं होतं. सगळी जुळवाजुळव करून चौदा लाख कमी पडत होते. वेंकटरमण म्हणाले, "मॅडम, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मला नक्की सांगा." ऑक्टोबरात इथला पाऊस सुरू होतो, त्याआधी काकांना वर न्यायचं, असं काकूंनी ठरवून टाकलं.

"येरळा आहे ना!" काकू म्हणाल्या आणि नव्या घराच्या खिडक्यांसाठी पडद्याचं कापड बघायला लागल्या. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ती गत.

जुलैच्या शेवटी एके सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. आयुष्यातली पहिली विक्री, साक्षीला कुणी तरी हवं. त्यांनी पाचशे शेअर पाचशे चाळीसला विकायला लावले आणि माझ्यासाठी कॉफी ओतली. कॉफी संपली, शेअर तिथेच.

"बाजार जरा सुस्त दिसतोय," काकू म्हणाल्या.

बाजार सुस्त नव्हता. बाजार धावत होता, फक्त येरळा उभा होता. शेअरच्या पानावर खाली घेणाऱ्यांच्या पाच ओळी दिसतात, कोण किती शेअर कोणत्या भावाला मागतोय ते. मी त्या बघितल्या. पाचशे अडतीसला एकवीस. पाचशे तीसला अकरा. पाचशे पंधराला एकावन्न. त्याच्या खाली पाचशेला पुन्हा अकरा, आणि पाचवी ओळ रिकामी.

"काकू, एवढेच घेणारे?"

"दिवसभर येतील की."

दिवसभरात बत्तीस शेअर गेले. दुसऱ्या दिवशी एकही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आले तर काकू पदर खोचून लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. जेवणाचा पत्ता नव्हता.

"ए मुली, या वेगाने मला विकायला पुढचा गुढीपाडवा उजाडेल गं."

मग मी माझं नेहमीचं काम केलं. रोज किती शेअर विकले गेले ते दाखवणारे उभे पट्टे भावाच्या आलेखाखाली असतात. बाजारातले लोक त्याला व्हॉल्यूम म्हणतात. काकू भाव बघायच्या, नफा बघायच्या, ताळेबंद बघायच्या, पण हे पट्टे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. विकायचंच नाही त्याने गिऱ्हाईक कशाला मोजावं? मी पट्टे मोठे करून बघितले. बहुतेक दिवस पट्टा नव्हताच, आणि मध्येच एखादा ताडासारखा उंच.

"हा उंच कधीचा?" मी विचारलं. गुरुवार निघाला. पुढचा उंच पट्टा, तोही गुरुवार. काकू उठल्या आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणली. गुरुपुष्य. गुरुपुष्य. गुरुपुष्य. त्याहून बुटके पट्टे सगळे सोमवारचे, तेही महिन्याच्या पहिल्या रविवारनंतरचे. आणि जानेवारीत एक सबंध आठवडा कोरा. अगदी स्वच्छ.

"सुट्टी होती का बाजाराला?" मी म्हणाले.

काकूंनी चष्मा काढला. "आम्ही सगळे तंजावरच्या सहलीला गेलो होतो," त्या म्हणाल्या.

मला हसू आवरेना. मी अक्षरशः खुर्चीत वाकून हसले. देशातल्या एका शेअर बाजारात एका कंपनीचा भाव आमच्या मिसळीवर चालत होता. विकणारे तिकडचे कुणी जुने भागधारक, तेही जेमतेम, कारण बाकीच्यांनी शेअर घेऊन कपाटात टाकलेले. आणि घेणारे आम्ही. आम्हीच मागत होतो, म्हणून भाव चढत होता, आणि भाव चढतोय म्हणून आम्ही आणखी मागत होतो.

काकू हसल्या नाहीत. "म्हणजे पंगतीत आपणच वाढतोय, आपणच जेवतोय आणि आपणच म्हणतोय, काय गर्दी आहे बाई," त्या म्हणाल्या. आतून काकांनी पाणी मागितलं, प्यायचं. काकू ते देऊन आल्या.

त्याच आठवड्यात वसंतरावांचा फोन आला. काकूंनी मोबाइल टेबलावर ठेवून स्पीकर लावला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"वहिनी, तुम्हाला आधी सांगतो, दत्तोपंतांना नाही सांगितलं अजून. मुदत ठेव मोडली. या ऑगस्टातल्या गुरुपुष्याला एक हजार एक येरळा घेणार! म्हटलं, कधी तरी आपणही मोठी उडी मारावी."

"सगळी ठेव मोडलीत?"

"सगळी. तुम्ही सांगितलंय म्हटल्यावर विचार कसला करायचा?"

फोन ठेवल्यावर मी काकूंकडे बघितलं. मला जे दिसत होतं ते त्यांनाही दिसत होतं. गुरुपुष्याला वसंतराव एक हजार एक घेणार. बाकीचा कट्टा मिळून तेवढेच आणखी घेणार. वर्षातला सगळ्यात उंच पट्टा. त्या एका दिवशी काकूंचे निम्मे शेअर पुऱ्या भावाला गेले असते, आणि सौदा कुणाकडून आला हे बाजार कुणालाच सांगत नाही. घेणाऱ्याला विकणाऱ्याचं नाव कळत नाही, कधीच नाही. दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात. उरलेले चार महिन्यांनी, सहा महिन्यांनी, जसे जातील तसे.

"काकू, विका," मी म्हणाले. मी मऊ बोलणाऱ्यांतली नाही. "तुम्ही कुणाला फसवत नाही आहात. वसंतकाका घेणारच आहेत. तुमच्याकडून नाही घेतले तर दुसऱ्या कुणाकडून घेतील. काकांना वर न्यायचंय की नाही?"

"दुसऱ्या कुणाकडून घेतील तर त्यांची चूक. माझ्याकडून घेतले तर माझी."

"पण त्यांना कळणारसुद्धा नाही!"

"तेच तर मला नको आहे," काकू म्हणाल्या. "कळण्यासारखं असतं तर कदाचित विकलेही असते. भांडले असते, काय करायचं ते करा म्हटलं असतं. पण त्यांनी पुढच्या रविवारी मला 'वहिनी, घेतले बरं का' म्हणून सांगायचं आणि मी 'छान केलंत' म्हणायचं? माझ्याच्याने नाही व्हायचं."

मी चिडले. खरंच चिडले. चांगुलपणाचा मला एरवीही थोडा राग येतो, आणि तो दुसऱ्याच्या आजारपणावर चालला असेल तर फारच येतो. मी पाय आपटत वर गेले आणि दोन दिवस खाली फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी पहिला रविवार होता. काकूंनी खालून हाक मारली, "ए मुली, येतेस का नुंगंबाक्कमला? एकटीने बोलायला जरा जड जाईल." गेले. काय करणार.

दत्तोपंतांच्या दिवाणखान्यात मिसळ वाढून झाली तशा काकू उभ्या राहिल्या. त्यांनी येरळाचं नाव काढताच सगळ्यांचे चेहरे खुलले. वसंतराव तर खुर्चीच्या कडेला येऊन बसले.

"मी तुम्हाला एक अर्धवट गोष्ट सांगितली होती," काकू म्हणाल्या. "कंपनी चांगली आहे, हे खरं. पण ती विकत घ्यायला आपल्याशिवाय कुणी नाही, हे मी बघितलंच नव्हतं. अहो, मोदकांची सुवासिक पिठी इथे चेन्नईत आपण दोनशे रुपये किलोने घेतो. पण तीच पिठी इथे विकायला बसलात, तर गिऱ्हाइकं किती? या खोलीत आहेत तेवढीच. आणि या खोलीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी विकायला काढली तर?"

"तर काय?" दत्तोपंत म्हणाले.

"तर घेणार कोण, दत्तोपंत?"

मग त्यांनी गुरुपुष्य, सोमवार, तंजावरची सहल, सगळं सांगितलं. पाचशे चाळीस हा भाव येरळाचा नसून कट्ट्याचा आहे, हेही सांगितलं. कंपनीच्या कमाईकडे बघता त्यांना अडीचशे-पावणेतीनशे बरा वाटत होता. तिथे बाहेरचा घेणारा कदाचित येईल.

दत्तोपंत लाल झाले. "म्हणजे आमचे निम्मे पैसे गेले?"

"ते पैसे आलेच नव्हते. आकडा आला होता."

"मग आजपर्यंत तुम्हाला हे कसं नाही कळलं? तुम्ही बँकेत होतात ना?"

"नाही कळलं," काकू म्हणाल्या. "मला माझे सगळे शेअर विकायचे आहेत. ह्यांना वरच्या मजल्यावर न्यायचंय. मी विकायला लागले की भाव पडणार. म्हणून तुमच्यापैकी ज्याला विकायचे असतील त्याने आधी विका. मी शेवटी विकेन."

कुणाच्या तरी हातातून बनाचा तुकडा रश्श्यात पडला. मग एकदम सगळे बोलायला लागले. कुणी म्हणालं, वहिनींनी बुडवलं. कुणी म्हणालं, निदान सांगितलं तरी. दत्तोपंतांनी कट्ट्याच्या खजिनदारपदाचा राजीनामा मागितला. काकूंनी तो लगेच दिला. त्या पदाखाली सगळा मिळून एक पत्र्याचा डबा होता, तोही त्यांनी पर्समधून काढून टेबलावर ठेवला. निघताना जिन्यात वसंतरावांनी काकूंना गाठलं आणि म्हणाले, "ठेव उद्या परत टाकतो." आणि मग, "बरोबर आहे तुमचं."

परतताना रिक्षात काकू रडल्या. मी त्यांचा हात धरला. गुरुपुष्याला विकण्याबद्दल मी त्यांच्याशी पुन्हा एक शब्द बोलले नाही, कारण तोवर माझा राग विरघळला होता आणि त्याच्या जागी असं काही तरी आलं होतं की बोलले असते तर मीही रडले असते.

गुरुपुष्याच्या गुरुवारी येरळाला घेणारा एकही आला नाही. पट्टा कोरा. त्याच्या आधी आणि नंतर कट्ट्यातल्या काहींनी थोडे थोडे विकले. एका दिवसात ठरावीक टक्क्यांहून जास्त भाव पडू देत नाहीत, त्यामुळे येरळा धपकन न पडता पायरीपायरीने उतरला. रोज कुणी तरी बाहेरचा दहावीस शेअर उचलायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढची पायरी. पाचशे गेले, चारशे गेले. काकू थांबल्या होत्या. शब्द दिला होता. ऑगस्ट संपला, गणपती आले आणि गेले, वेंकटरमण यांची मुदत समोर दिसू लागली आणि काकूंचे उरलेले शेअर जिथल्या तिथे. पडद्याचं कापड बघायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

एका दुपारी मी कामाच्या मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. "ए मुली, आलं गं!" काकू ओरडत होत्या. "दोनशे पासष्टला पाच हजार मागतोय कुणी तरी. पाच हजार! सपाट! शेवटी एक नाही!"

"म्हणजे आपला नाही!" मीही ओरडले. मीटिंगमधली पाच माणसं माझ्याकडे बघत होती.

"आपला नाही! मुंबईचा असेल, अहमदाबादचा असेल, कुणी का असेना मेला. विकू?"

"विका, काकू!"

एका झटक्यात उरलेले सगळे गेले. साडेदहा लाख. त्याआधी वर्षभर ज्या शेअरला बाहेरचं मोठं गिऱ्हाईक नव्हतं त्याला खरा भाव सापडल्यावर गिऱ्हाईक स्वतः चालत आलं होतं, एवढा धडा मी माझ्यापुरता घेतला.

तरीही साडेतीन लाख कमीच. संध्याकाळी काकू मला घेऊन वेंकटरमण यांच्याकडे गेल्या. कनकाबाईंनी चकलीसारखा मुरुक्कू पुढे ठेवला. काकूंनी हात लावला नाही.

"सर," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे साडेतीन लाख कमी आहेत. आणखी एक गोष्ट मला माहीत आहे. माहीत असून न सांगता सौदा करायचा नाही, म्हणून सांगते. आठ महिने झाले, या घराला माझ्याशिवाय गिऱ्हाईक आलेलं नाही."

वेंकटरमण ताठ झाले. "कोण म्हणालं?"

"दोघं आले होते," कनकाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "लिफ्ट नाही बघून परत गेले."

"कनका!"

"मी पाऊस होईपर्यंत थांबले तर तुम्हाला आणखी उतरावं लागेल," काकू म्हणाल्या. "पण मला थांबता येत नाही. ह्यांना पाण्याची फार भीती बसलीय. म्हणजे तुम्हाला एकच घेणारी आणि मला एकच घर. दोघंही अडलोय. आता तुम्ही सांगा."

वेंकटरमण मोठ्याने हसले. "अय्यो मॅडम, स्वतःची अडचण कुणी आधी सांगतं का?"

"माझी सांगितल्याशिवाय तुमची कोणत्या तोंडाने सांगू?"

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "तीन मी सोडतो. अर्धा तुम्ही बघा."

ते पन्नास हजार कुठून आले ते सांगितलंच पाहिजे. काकू दुसऱ्या दिवशी टी नगरला गेल्या आणि लग्नानंतरच्या वर्षांत गुरुपुष्याला गुंज गुंज घेतलेलं जुनं सोनं विकून आल्या. दुकानदाराने वजन केलं, भाव सांगितला, पैसे दिले. चहासुद्धा पाजला नाही, इतकं पटकन. "घडणावळ घडणावळ करत होते मी," काकू म्हणाल्या. "पण बाई, घेणारा चोवीस तास उभा असतो तिथे!"

दसऱ्याच्या आधी त्या वर राहायला गेल्या. सामान हलवायच्या दिवशी कट्ट्यातले सात-आठ जण न बोलावता आले, वसंतराव सगळ्यांच्या पुढे. दत्तोपंतही आले. ते काकूंशी बोलले नाहीत, मला म्हणाले, "यांना सांग, माझा राग गेलेला नाही. मी पाचशे वीसला घेतलेत." आणि त्र्यंबककाकांच्या पलंगाचं जड टोक त्यांनीच धरलं.

ऑक्टोबरात एका दुपारी आभाळ असं भरून आलं की घरात दिवे लावावे लागले. मी घरूनच काम करत होते. पहिली वीज कडाडली. काकांची आठवण होऊन मी तशीच जिना उतरून पहिल्या मजल्यावर धावले. दार उघडंच होतं. काकू आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

काका उताणे झोपले होते, तोंड उघडं, आणि मोठमोठ्याने घोरत होते. बाहेर पुन्हा गडगडाट झाला, खिडकीची तावदानं थरथरली. काका कुशीवरसुद्धा वळले नाहीत.

"अकरा लाख कमी मिळाले म्हणून दत्तोपंत अजून हळहळतात ना," काकू हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "त्यांना म्हणावं, या आणि हे ऐका."

मग आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून ऐकत राहिलो.